कामाला लावणं आणि कामावर टिकवणं: बौद्धिक दिव्यांग तरुणांच्या नव्या जॉब कोचसाठी

विशेष शाळा अठराव्या वर्षापर्यंत सांभाळते. पुढे फार तर कार्यशाळा: पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या, आणि दिवाळीला एक स्टॉल. त्यातून हातखर्च सुटतो, पण त्याला नोकरी म्हणता येत नाही. इथे जी पद्धत दिली आहे ती वेगळी आहे. तरुणाला डाळमिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, केळीच्या पॅकहाउसमध्ये, हॉटेलच्या भटारखान्यात किंवा किराणा गोदामात, इतर कामगारांबरोबर, त्याच पगारावर आधी रुजू करायचं आणि काम तिथेच शिकवायचं. हे शिकवणारा आणि नंतरही पाठीशी राहणारा माणूस म्हणजे जॉब कोच. 'आधी शिकवू, मग पाठवू' म्हणत बसलं तर वर्षं जातात. कारण वर्गात शिकलेलं कारखान्यात आपोआप येत नाही. टेबल बदललं, आवाज बदलला, पिशवीचा रंग बदलला की बौद्धिक दिव्यांग माणसासाठी ते नवं काम होतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. काम जमलं नाही म्हणून सुटलेल्या नोकऱ्या कमी असतात. सुटतात त्या कामाच्या आजूबाजूच्या गोष्टींमुळे. एसटी चुकली, मुकादम बदलला, चहाच्या सुट्टीत कोणी टिंगल केली, पगाराच्या दिवशी घरात भांडण झालं, असं काहीतरी घडतं. म्हणून जॉब कोचचा बराचसा वेळ यंत्राजवळ जात नाही, यंत्राच्या आसपास जातो.

कागद

हे थोडक्यात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. प्रमाणपत्रावर सौम्य बौद्धिक दिव्यांगत्वाला ५० टक्के, मध्यमला ७५ टक्के, तीव्रला ९० टक्के असं लिहिलेलं असतं. हा आकडा सवलतींसाठी आहे. '७५ टक्के' वाचून 'याला पंचवीस टक्केच काम येईल' असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबवा. कामाची कुवत त्या आकड्यावरून काढता येत नाही.

आधार, बँक खाते आणि पॅन तरुणाच्या स्वतःच्या नावावर हवं. आईबरोबरचं जुनं संयुक्त खातं पगारासाठी चालवू नका. १८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांत ठाऊक नसतं. गरज असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी सदस्य असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. पण नोकरीसाठी पालकत्व लागतंच असं समजू नका. सौम्य दिव्यांगत्व असलेले बरेच जण स्वतः सही करू शकतात, फक्त त्यांना कागद वाचून, सोपा करून सांगावा लागतो.

संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू असलेलं घर पहिला प्रश्न हाच विचारतं: 'नोकरी लागली तर पैसे बंद होतील का?' ही भीती खरी आहे, कारण योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. 'काही होत नाही हो' म्हणून झटकू नका. रुजू होण्याआधी तहसील कार्यालयात जाऊन त्या घरापुरतं उत्तर आणा, पगाराशी हिशेब मांडून दाखवा आणि निर्णय घरावर सोडा.

माणूस ओळखा, अहवाल नंतर वाचा

बुद्ध्यांकाच्या अहवालातून नोकरी सापडत नाही. दोन-तीन आठवडे घ्या. घरी सकाळच्या वेळी जा, कारण नोकरीची वेळ तीच असते. तो किती वाजता उठतो, अंघोळ कुणी सांगितल्यावर करतो की आपण होऊन, दुकानातून दोन वस्तू आणतो का, आणि काय करायला लागला की त्याला वेळेचं भान राहत नाही, हे पाहा. गोठ्यात शेण काढणारा, आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरातल्या पाहुण्यांना न चुकता पाणी देणारा मुलगा 'याला काहीच येत नाही' या वाक्याखाली दडलेला असतो.

तोंडी विचारून आवड कळत नाही. 'मिलमध्ये काम करशील का?' याला उत्तर 'हो' येणार, आणि 'नाही ना करणार?' यालाही 'हो'च येणार. समोरच्याला खूश ठेवायची सवय लहानपणापासून लागलेली असते. म्हणून तीन वेगळ्या ठिकाणी प्रत्येकी दोन-दोन तासांची चाचणी ठेवा: एक आवाजाचं ठिकाण, एक शांत, एक माणसांच्या वर्दळीचं. कुठे हात चालत राहतात आणि कुठे डोळे दाराकडे जातात ते लिहून ठेवा. मालकाला आधीच सांगा की ही फक्त ओळख आहे, मोफत मजुरी नव्हे.

तब्येतीचं स्पष्ट विचारा. बौद्धिक दिव्यांगत्वाबरोबर फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि नोकरी हुकेल म्हणून घरचे ते लपवतात. फिट येत असेल तर तळणीची कढई, उंचीवरचं काम, उघडा फिरता पट्टा ही कामं बाद. इतर शेकडो कामं शिल्लक राहतात. फिटवरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटने, घाम कमी येतो. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५च्या वर असताना आणि डोक्यावर पत्रा असताना, ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही. डॉक्टरांना विचारून पाण्याची आणि सावलीची वेळ ठरवा. तहान लागली तरी न सांगणारे बरेच असतात, म्हणून 'पाणी माग' असं शिकवण्यापेक्षा 'प्रत्येक खोकं भरलं की दोन घोट' असं कामालाच बांधून द्या.

काम शोधताना

मालकाकडे 'एखादी जागा आहे का?' म्हणून जाऊ नका, उत्तर 'नाही' येतं. अर्धा दिवस कारखाना पाहण्याची परवानगी मागा. चटईच्या कारखान्यात यंत्र चालवणारा कुशल कामगार दर थोड्या वेळाने यंत्र सोडून काय करायला जातो? रिकाम्या बॉबिन गोळा करायला, चटईला लेबल लावायला, गठ्ठे बांधायला. डाळमिलमध्ये पॅकिंगवाली बाई उठून खोकी उघडायला जाते. पॅकहाउसमध्ये केळीच्या फण्या धुणारा मध्येच पुठ्ठ्याचे बॉक्स घडी करून ठेवतो. हे तुटक-तुटक तुकडे एकत्र केले की एका माणसाचं पूर्ण दिवसाचं काम निघतं, आणि कुशल माणूस आपल्या यंत्रावर राहतो. मालकाला हाच हिशेब मांडून दाखवायचा. दयेवर लागलेली नोकरी पहिल्या मंदीत जाते.

दोन अटी सोडू नका. पगार कारखान्याच्या हजेरीपुस्तकातून निघाला पाहिजे. 'तुमच्या संस्थेनं पगार द्या, आम्ही बसू देतो' असं म्हटलं तर नमस्कार करून बाहेर पडा, कारण अशा जागी तो कायम पाहुणा राहतो. आणि नगावर म्हणजे उक्तं काम सुरुवातीला नको. वेग यायला वेळ लागतो आणि पहिल्याच महिन्याची कमाई पाहून घरचे परत बोलावतात. रोजंदारीवर, त्या कामाच्या किमान वेतनानं सुरुवात हवी. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो वाढवला का ते पाहायची आठवण कोचनेच ठेवावी.

हंगामाचंही पाहा. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याचं काम, उन्हाळ्यात थंडावतं, नंदुरबारच्या मिरचीचंही तसंच आहे. घडी बसलेली दिनचर्या चार महिन्यांनी मोडली की पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय मिरचीची धूळ सगळ्यांनाच सोसत नाही. केळी, डाळ, बेकरी, दूध, हॉटेल, लॉन्ड्री ही बारमाही कामं आधी पाहा.

कायदा म्हणाल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ आणि त्याखालचे नियम यांनुसार प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं, आणि २० किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनेनं त्यात दिव्यांगांना योग्य अशी कामं कोणती तेही लिहायचं असतं. पण पहिल्या भेटीत कायदा काढू नका. मालक घाबरून 'हो' म्हणतो आणि मग टाळत राहतो.

कामाची फोड

आता मुख्य भाग. काम शिकवण्याआधी ते स्वतः करा, निदान एक पूर्ण पाळी. मग त्याचे इतके बारीक तुकडे करा की एका तुकड्यात हाताची एकच हालचाल असेल. एक किलो तूरडाळीची पिशवी हाताने भरून पेडल सीलरवर बंद करण्याची फोड अशी होते:

१. रिकामी पिशवी उचला, छापील बाजू आपल्याकडे.
२. दोन्ही अंगठ्यांनी तोंड उघडा.
३. नरसाळ्याखाली धरा.
४. एक माप डाळ ओता.
५. पिशवी काट्यावर ठेवा.
६. हिरवा दिवा लागेपर्यंत चमच्याने डाळ घाला किंवा काढा.
७. पिशवी टेबलावर दोनदा हलकेच आपटा.
८. तोंडाची आतली कड कोरड्या फडक्याने पुसा.
९. दोन्ही कोपरे ताणून तोंड सीलरच्या जबड्यात द्या.
१०. पेडल दाबा, 'एक, दोन' म्हणा, सोडा.
११. पिशवी उलटी करून दाबा, डाळ सांडते का पाहा.
१२. खोक्यात उभी ठेवा.

सहाव्या पायरीवर बहुतेक जण अडकतात. डिजिटल काट्यावरचा आकडा दशांशात असतो, आणि १.००४ चालेल पण ०.९९६ नाही हे समजावत बसण्यात अर्थ नाही. बऱ्याच काट्यांत कमी, बरोबर, जास्त असे तीन दिवे लावायची सोय असते. मिलच्या सुपरवायझरकडून वजनाची मर्यादा भरून घ्या, म्हणजे हिरवा दिवा दिसला की काम झालं. रिकाम्या पिशवीचं वजन आधी वजा करून ठेवलं आहे ना तेही तपासा, नाहीतर दिवसभराच्या सगळ्या पिशव्या हलक्या भरतील आणि खापर नव्या मुलावर फुटेल.

आठवी पायरी जुने कामगार गाळतात, त्यांना सवयीनं चालतं. कडेला डाळीची भुकटी राहिली की सील धरत नाही. सीलला सुरकुती पडत असेल तर कोपरे ताणलेले नाहीत किंवा पिशवी नीट बसवलेली नाही, म्हणजे नववी किंवा सातवी पायरी पाहा. सील जळत असेल तर पेडल जास्त वेळ दाबलं जातंय, किंवा आधीच्या पाळीत कुणीतरी तापमानाची कळ फिरवून ठेवली आहे. कळीवर नेलपॉलिशची खूण करून ठेवा. पाळी सुरू होताना खूण खुणेला जुळते का एवढं पाहणं ही तेरावी पायरी होऊ शकते, आणि ती जमते.

मोजणी येत नसेल तर मोजायला लावू नका. खोक्यात २० पिशव्या जातात तर २० खणांचा पुठ्ठा घाला. खण भरले की खोकं भरलं. अशा साध्या साच्यांची लाज वाटू देऊ नका. थोड्याच दिवसांत शेजारचे कामगारही तोच पुठ्ठा मागतात.

शिकवताना

कमी बोला. नव्या कोचची सर्वांत मोठी अडचण हीच असते. 'हां, आता पिशवी घे, शाब्बास, आता उघड, अरे तसं नाही...' असं सतत चालू राहिलं की तरुण डाळीकडे नाही, तुमच्या तोंडाकडे पाहायला शिकतो. शब्दांची मदत काढून घेणं सर्वांत अवघड जातं. हाताचा इशारा काढणं त्या मानानं सोपं.

क्रम असा ठेवा: आधी थांबा, पाच सेकंद मनात मोजा. नाही झालं तर बोटानं दाखवा. तरी नाही तर स्वतः एकदा करून दाखवा. अगदीच नाही तर 'हात धरू का?' विचारून मनगटाला आधार द्या आणि लगेच सोडा. चूक पूर्ण होऊ देऊ नका. हात चुकीच्या दिशेला निघाला की तिथेच अडवा. चुकीचा सराव झाला की तो पुसायला दुप्पट मेहनत लागते.

लांब कामासाठी शेवटाकडून शिकवा. पहिल्या अकरा पायऱ्या तुम्ही करा, बारावी त्याने. ती पक्की झाली की अकरावी आणि बारावी त्याने. प्रत्येक वेळी काम पुरं होतं त्याच्या हातून. अमेरिकेत १९७०च्या दशकात मार्क गोल्ड यांनी तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडायला शिकवलं होतं, तेही फारसं न बोलता. त्यांचं म्हणणं सोपं होतं: शिकणारा अडला तर शिकवायची रीत बदलून पाहा.

भाषेचंही सांगायला हवं. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला 'इथे ठेव' पेक्षा 'आठे ठेव' लवकर कळतं. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातून आलेल्याची घरची भाषा पावरी किंवा भिली असते, तिथे आईकडून पंधरा-वीस कामाचे शब्द लिहून घ्या. पण कारखान्यात सगळे ज्या वस्तूला जे म्हणतात तेच नाव शेवटी शिकवा. 'सीलर'ला तिथे 'मशीन' म्हणत असतील तर मशीनच.

एका वहीत बारा पायऱ्या उभ्या आणि तारखा आडव्या लिहा. आपण होऊन केली तर बरोबरची खूण, मदत लागली तर कोणती ते एका अक्षरात. तीन दिवस सलग सगळ्या खुणा आल्या की तुम्ही एक पाऊल मागे सरका: बाजूला, मग पाठीमागे, मग हॉलच्या टोकाला, मग गेटबाहेर. आधी दर्जा येऊ द्या, वेग नंतर. वेग मोजायचा तर त्याच टेबलावरच्या नेहमीच्या कामगाराच्या एका तासाशी मोजा. कारखान्याच्या कागदावरचा आकडा बहुधा कुणालाच गाठता येत नसतो.

बरोबरचे लोक

पहिल्या दिवसापासून एक सहकारी हेरून ठेवा. सर्वांत प्रेमळ बाई निवडायचा मोह होतो. ती सगळं स्वतःच करून देते आणि तरुण नुसता उभा राहतो. शांत, वेळेचा पक्का आणि दोनच वाक्यं बोलणारा माणूस बरा. त्याच्या रजेसाठी दुसरा एक तयार ठेवा. एकच आधार असला की तो आखाजीला गावी गेला त्या दिवशी सगळं कोसळतं.

सहकाऱ्यांना दहा मिनिटांत एवढंच सांगा: एका वेळी एकच काम सांगा, करून दाखवा, चुकलं तर लगेच आणि साध्या आवाजात सांगा, आणि जसं इतरांना 'भाऊ', 'ताई' म्हणता तसंच म्हणा. 'बाळ' नको, टोपणनाव नको. निदान, बुद्ध्यांक, घरची हकीकत हे काहीही सांगू नका, ते त्या माणसाचं खासगी आहे. मालकाच्या मनातला एक गोंधळ मात्र दूर करा: बौद्धिक दिव्यांगत्व हा मानसिक आजार नव्हे. 'अचानक भडकेल का?' हा प्रश्न तिथूनच येतो.

जेवणाची सुट्टी कामाइतकीच शिकवावी लागते. कुठे बसायचं, डबा कसा धुवायचा, दुसऱ्यानं शेवभाजी पुढे केली तर काय म्हणायचं, चहाचे पैसे कोण देतं. रोज याच्याच खिशातून सगळ्यांचा चहा होत असेल तर ती लूट आहे. वहीत लिहा आणि मुकादमाशी बोला.

तरुणी असेल तर स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा आणि परतीची वाट आधी पाहा, नोकरी नंतर. दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्यानं बंधनकारक आहे. त्यात कोण आहे त्या बाईचा चेहरा तरुणीला दाखवून ठेवा, नुसतं नाव सांगून उपयोग नाही. 'नको' म्हणणं आणि निघून येणं घरी सरावानं शिकवा, कारण ज्यांना आयुष्यभर 'ऐकलंच पाहिजे' एवढंच शिकवलं, त्यांना ते आपोआप येत नाही.

ने-आण

भाऊ रोज मोटारसायकलवर सोडतो ही सोय दोन महिने टिकते. मग भावाचं लग्न किंवा कापणी. एसटीनं किंवा शेअर रिक्षानं एकट्यानं जाणं शिकवायला वेगळे आठवडे ठेवा आणि त्याचीही फोड करा: स्टँडवरची कोणती फलाटजागा, पाटीवरचं कोणतं अक्षर, कंडक्टरला काय दाखवायचं, कोणती खूण दिसली की उठायचं. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असते, कार्ड गळ्यात किंवा वरच्या खिशात ठेवा. सराव रविवारी करू नका. रविवारची रिकामी गाडी आणि सोमवारी शाळेच्या पोरांनी भरलेली गाडी यांत काहीच साम्य नसतं.

गाडी आलीच नाही तर काय, हे मुद्दाम एकदा घडवून शिकवा. खिशात एक चिठ्ठी: नाव, कुठे जायचं, दोन फोन नंबर. तुम्ही त्याच गाडीत मागे बसा, मग दुचाकीवर गाडीमागे, मग फक्त दोन्ही टोकांना.

पगार हातात आल्यावर

दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा योजना लागू असलेल्या ठिकाणी त्याचं नावही त्यात गेलं पाहिजे. दिव्यांग कामगारांसाठी तिथली पगाराची मर्यादा महिना २५,००० रुपये आहे, इतरांना २१,०००. वीस किंवा जास्त कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी. 'हा टिकेल की नाही माहीत नाही, नंतर टाकू' हे उत्तर सहा महिने चालतं आणि मग कायमचं होतं. पहिल्याच पगारपत्रकात नाव पाहा.

पगारातला थोडा भाग तरी त्याच्या स्वतःच्या मनाने खर्च होऊ द्या. सगळा पैसा घरात गेला आणि त्याला काहीच मिळालं नाही तर काही महिन्यांत सकाळी उठायचं कारण संपतं. एटीएमचा आकडा मुकादमाला, मित्राला सांगायचा नाही, हे मात्र शिकवावंच लागतं.

कोचने कधी जायचं

साधारण असं धरा: पहिले दोन आठवडे पूर्ण पाळी, पुढचा महिना अर्धी, मग आठवड्यातून दोनदा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर महिन्यातून एकदा आणि फोन. माणसानुसार हे ताणतं किंवा आटतं. पूर्णपणे बंद मात्र करू नका. मुकादम बदलला, यंत्र नवं आलं, पाळी बदलली, घरात कुणी आजारी पडलं किंवा वारलं, या पाच वेळी तुम्ही तिथे असायला हवं. घरच्यांना आणि मुकादमाला हे पाच प्रसंग लिहून द्या, म्हणजे फोन नोकरी सुटल्यावर न येता आधी येतो.

आणि वर्षभरानं 'मला हे काम नको' असं तो म्हणाला तर आधी कारण शोधा: कुणी त्रास देतंय का, पाय दुखतात का, की खरंच कंटाळा आला. कंटाळा असेल तर तो कुठल्याही कामगाराला येतो. जुनी जागा चालू ठेवून दुसरीकडे पुन्हा दोन तासांच्या चाचण्या सुरू करा, आणि सोडताना महिन्याची नोटीस, राहिलेला पगार आणि अनुभवाचं पत्र घेऊनच सोडायला लावा.